‘अडीच हजारांत एक’ हा आकडा मराठवाड्याचा नाही

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

शार्को-मारी-टूथ या नसांच्या आनुवंशिक आजाराविषयी (डॉक्टर त्याला ‘सीएमटी’ म्हणतात) मराठीत काहीही छापून आले की एक वाक्य ठरलेले असते : ‘दर अडीच हजार माणसांमागे एकाला हा आजार होतो.’ मग १४० कोटींना अडीच हजारांनी भागले जाते आणि देशात ५ लाख ६० हजार रुग्ण असल्याचे सांगितले जाते. भागाकार बरोबर आहे, पण त्यातला अडीच हजार आपला नाही. तो कुठून आला, इतर देशांत काय निघाले आणि मराठवाड्याचा स्वतःचा आकडा काढायचा तर नेमके काय करावे लागेल, हे वाचकांपुढे आणि आरोग्य विभागापुढे मांडण्यासाठी हे पत्र आहे. ते लांबले आहे, परंतु हा विषय अर्धवट सांगून उपयोग नाही.

आधी आजाराविषयी. शरीरातल्या सर्वांत लांब नसा पावलांपर्यंत जातात, म्हणून झीज तिथे आधी दिसते. शेतातल्या मोटारीच्या वायरीत आत तार आणि वर प्लास्टिक असते, तसा नसेत आत अक्षतंतू आणि वर मायलिनचे वेष्टण असते. सीएमटीच्या काही प्रकारांत वेष्टण बिघडते, काहींत आतला तंतू. बहुतेकांना पहिल्या वीस वर्षांत लक्षणे सुरू होतात. पळताना मूल सारखे पडते, घोटा वारंवार मुरगळतो, चप्पल पायातून निसटते आणि चालणाऱ्याला ते कळतही नाही. पावलाची कमान उंच होते, बोटे आत वळतात, गुडघ्याखालचा पाय बारीक होत जातो. पुढे काही वर्षांनी हातांची पाळी येते. शर्टाचे बटण लावणे, कुलपात किल्ली फिरवणे, कापूस वेचणे, विळ्याची मूठ धरणे जड जाते. बुद्धीवर परिणाम होत नाही आणि आयुष्यही सहसा कमी होत नाही, म्हणजे या माणसांना पुढची चाळीस-पन्नास वर्षे अशाच पायांवर काढायची असतात. शंभराहून अधिक जनुकांतले बिघाड या आजाराला कारण ठरतात. त्यांत सर्वाधिक आढळतो तो ‘१-ए’ प्रकार. यात १७व्या गुणसूत्रावरचा सुमारे १५ लाख अक्षरांचा तुकडा एकदा जास्त येतो आणि पीएमपी-२२ या जनुकाच्या दोनाऐवजी तीन प्रती होतात. हे १९९१-९२ साली कळले. आजाराचे वर्णन मात्र १८८६चे आहे, पॅरिसमध्ये शार्को व मारी यांनी आणि इंग्लंडमध्ये टूथ यांनी एकाच वर्षी केलेले.

आता आकडा. ‘अडीच हजारांत एक’ हा हिशेब आला पश्चिम नॉर्वेमधून. स्क्रे या संशोधकाने तो १९७४ साली प्रसिद्ध केला. त्यांना दर लाख लोकसंख्येत ४१ रुग्ण आढळले. त्यांपैकी ३६ प्रबळ पद्धतीचे, म्हणजे आई किंवा बाप दोघांपैकी एकाकडून आलेले, ३.६ एक्स गुणसूत्रावरून आलेले आणि जेमतेम १.४ अप्रबळ पद्धतीचे, म्हणजे दोघांकडूनही सदोष जनुक मिळालेले. ही फोड लक्षात ठेवावी, तिच्याकडे पुढे यायचे आहे. मग २०११ साली त्याच नॉर्वेच्या पूर्वेकडील आकेर्सहूस भागात मोजणी झाली, तर निघाले लाखात ८२.३, म्हणजे १,२१४ जणांत एक. देश एक, आकडा दुप्पट. उलट जपानच्या पश्चिम भागात २००२ साली लाखात १०.८ निघाले, उत्तर इंग्लंडमध्ये २०१२ साली ११.८. आइसलँडमध्ये अख्खा देश मोजला (लोकसंख्या जेमतेम सव्वातीन लाख), तिथे १२. डेन्मार्कमध्ये राष्ट्रीय रुग्णालय-नोंदींवरून २२.५. स्पेनच्या कांताब्रिया प्रांतात २८.२.

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत १ कोटी ८७ लाख होती. जपानचा आकडा लावला तर इथे सुमारे २,००० रुग्ण असावेत. डेन्मार्कचा लावला तर ४,२००, जुन्या नॉर्वेचा लावला तर ७,७००, आणि नव्या नॉर्वेचा लावला तर १५,४००. दोन हजार आणि पंधरा हजार यांच्यात पाऊल सावरून धरणारे किती स्प्लिंट मागवायचे, किती फिजिओथेरपिस्टची पदे भरायची, कोणत्या रुग्णालयात नसांच्या तपासणीचे यंत्र द्यायचे, हे कोणताही अधिकारी ठरवू शकणार नाही. अंदाजाची ही रुंदी हीच अडचण आहे.

इतका फरक का पडतो? माणसांच्या जनुकांत फरक असतो हे एक कारण, पण मोठे कारण मोजण्याच्या रीतीत आहे. रुग्णालयाच्या कागदांवरून मोजले तर फक्त दवाखान्यात आलेले सापडतात. प्रबळ प्रकारात एका घरात तीन पिढ्यांत पाच जणांना आजार असू शकतो आणि दवाखान्यात येतो त्यांतला एक. आजोबांना फक्त उंच कमानीचे पाऊल असते, आत्याचे घोटे मुरगळतात, आणि दोघेही स्वतःला आजारी समजत नाहीत. जिथे संशोधक रुग्णाच्या घरी जाऊन नातेवाइकांचे पाय पाहतात तिथे आकडा वाढतो, जिथे नुसत्या फाइली चाळतात तिथे तो खाली येतो. दुसरे म्हणजे रुग्ण कोणाला म्हणायचे, हे ठरवण्याची कसोटी. जनुकचाचणीने सिद्ध झालेलेच मोजायचे ठरवले तर अक्षतंतू बिघडणाऱ्या प्रकारातले निम्म्याहून अधिक रुग्ण बाहेर पडतात, कारण आजही त्यांच्यात चाचणी करून जनुक सापडत नाही. म्हणून लक्षणे, नसांची तपासणी आणि कुटुंबाचा इतिहास या तिन्हींवर मोजणीची व्याख्या उभी करावी आणि जनुकाचा निकाल स्वतंत्र रकान्यात लिहावा.

आता ती फोड. नॉर्वेत अप्रबळ प्रकार लाखात १.४, म्हणजे सगळ्या रुग्णांत तीन-चार टक्के. जिथे नात्यात लग्ने होतात त्या भूमध्य समुद्राच्या भोवतालच्या देशांत हाच वाटा ३० ते ५० टक्क्यांपर्यंत जातो. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची रीत जुनी आहे, आतेच्या घरी मुलगी देण्याचीही. कर्नाटक-तेलंगणाच्या सीमेला लागून असलेल्या भागात काही समाजांत मामा-भाचीचे लग्नही होते. याचा परिणाम आकड्यांत पाहू. समजा, एखादे सदोष अप्रबळ जनुक दर २०० प्रतींमागे एका प्रतीत आहे, म्हणजे साधारण शंभर माणसांत एक जण वाहक आहे. नात्याबाहेर लग्न होणाऱ्या समाजात अशा जनुकाचा आजार दहा लाख मुलांमागे २५ मुलांना होईल. आते-मामे भावंडांच्या संततीत तोच सुमारे ३३५ मुलांना होईल, म्हणजे तेरा पट. जनुक जितके विरळ तितकी ही पट वाढते. दोन्ही आईबाप ठणठणीत आणि मूल मात्र आठव्या वर्षी पाऊल ओढते आहे, अशी घरे नॉर्वेच्या आकड्यात जवळपास नाहीत. आपल्याकडे ती असणारच.

इथेच एक खुलासा करतो, कारण गावात दोष लगेच सुनेच्या माथी जातो. प्रबळ प्रकारांचा नात्यातल्या लग्नाशी संबंध नाही. १-ए प्रकार बापाकडून येतो तसाच आईकडून येतो, प्रत्येक अपत्याला शक्यता निम्मी, मुलगा असो वा मुलगी. सुमारे दहा टक्के रुग्णांत तो आईबाप दोघांतही नसताना नव्याने उद्भवतो. एक्स गुणसूत्रावरच्या प्रकारात आजारी बापाच्या सगळ्या मुलींकडे जनुक जाते, मुलग्यांकडे एकाकडेही जात नाही. बापाकडून मुलग्याला आजार आलेला दिसला तर तो एक्सचा प्रकार नव्हे, हे कागदावर वंशावळ काढूनच कळते, त्याला पैसा लागत नाही.

मोजणीतली दुसरी मोठी चूक म्हणजे एका आजाराला दुसऱ्याचे नाव. मराठवाड्यात पाऊल लटकले (चवडा वर उचलेनासा झाला) की तीन नावे पुढे येतात : पोलिओ, कुष्ठरोग, मणक्यातली नस दबणे. पोलिओचा लुळेपणा तापासोबत काही दिवसांत येतो, बहुधा एकाच पायात किंवा दोन्हींत कमी-जास्त, स्पर्श शाबूत राहतो, आणि पुढे अनेक वर्षे तो आहे तिथेच थांबतो. सीएमटी दोन्ही पायांत सारखा, हळूहळू आणि वाढत जाणारा. भारतातला नैसर्गिक पोलिओ-विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११मध्ये सापडला. त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या कागदावर कोणी ‘पोलिओ’ लिहिले असेल तर तो कागद पुन्हा तपासलाच पाहिजे.

कुष्ठरोगाशी गल्लत जास्त घातक. दोन्ही आजारांत पाऊल लटकते, हाताचा पंजा वळतो, बधिरपणा येतो, आणि वेष्टण बिघडणाऱ्या सीएमटीत नसा हाताला जाडसर लागतात, जशा कुष्ठरोगात लागतात. पण कुष्ठरोगात सहसा संवेदना गेलेला चट्टा असतो, जाड नसा एखाद-दुसऱ्या आणि एका बाजूच्या असतात, घोट्यामागचा झटका (तिथे हातोडी मारल्यावर पाऊल आपोआप हलणे) बहुधा राहतो. सीएमटीत चट्टा नसतो, दोन्ही बाजू सारख्या, आणि घोट्याचा झटका लवकर जातो. चट्टा न येता नुसत्या नसांना होणारा कुष्ठरोगही असतो, म्हणून शंका असेल तिथे कुष्ठरोगतज्ज्ञाने पाहिल्याशिवाय निर्णय करू नये. एमडीटी (कुष्ठरोगावरची बहुऔषधी उपचारपद्धती) सुरू होऊन पूर्ण झाली, पाय तसेच खालावत राहिले आणि भावाचेही पाय तसेच आहेत, अशा माणसाचे निदान पुन्हा करावे. उलट चूकही तितकीच वाईट, बरा होऊ शकणारा कुष्ठरोग ‘आनुवंशिक’ म्हणून सोडून देण्याची.

याखेरीज मधुमेह, ब-१२ची कमतरता, दारू, आणि ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकाच्या विषबाधेनंतर दोन-तीन आठवड्यांनी येणारी पायांची दुर्बलता, ही सगळी कारणे शेतकरी कुटुंबांत आढळतात आणि रुग्ण शोधताना गाळणीत अडकतात. मणक्याचे ऑपरेशन होऊनही पाऊल उचलत नाही असा रुग्ण दिसला तर आईबापांचे पाय पाहायला सांगावे. आणखी एक आजार विसरता येत नाही. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती वेष्टणावर उठते तो सीआयडीपी. तो औषधाने सुधारतो, सीएमटी सुधारत नाही. त्यामुळे एकाला दुसऱ्याचे नाव दिले तर एका बाजूला महागडी इंजेक्शने वाया जातात, दुसऱ्या बाजूला बरा होणारा माणूस तसाच राहतो.

मग इथे मोजायचे कसे? सुरुवातीला एकच जिल्हा घ्यावा, आणि आमच्या मते तो हिंगोली असावा. २०११मध्ये लोकसंख्या ११ लाख ७७ हजार, तालुके पाच, मराठवाड्यातला सर्वांत लहान जिल्हा. पाच-दहा हजारांचा नमुना घेऊन हे काम होत नाही. नॉर्वेचाच दर इथे असला तरी पाच हजारांत दोनच रुग्ण निघतील, आणि दोनावरून काहीच सांगता येत नाही. एक लाख लोक पाहून ४० सापडले तर खरा आकडा २९ ते ५४च्या दरम्यान कुठेही असू शकतो, १० सापडले तर ५ ते १८च्या दरम्यान. शिवाय हा आजार घराघरांत गोळा झालेला असतो, लग्ने जातीतच, बऱ्याचदा पोटजातीतच होतात. एका गावात आठ रुग्ण आणि शेजारच्या वीस गावांत शून्य, असे चित्र दिसेल. म्हणून पूर्ण जिल्हाच हवा.

यासाठी नवी फौज उभारावी लागत नाही. कुष्ठरुग्ण शोध मोहिमेत आशा सेविका आणि पुरुष स्वयंसेवक घरोघरी जातातच. त्या भेटीत तीन प्रश्न जोडावेत : घरात कोणाची चप्पल पायातून आपोआप निसटते का, कोणाचे दोन्ही पाय गुडघ्याखाली बारीक होत चालले आहेत का, लहानपणापासून सारखे ठेचाळणारे कोणी आहे का. एकाचेही उत्तर ‘हो’ आले तर त्या माणसाला अनवाणी, सपाट जमिनीवर, टाचांवर दहा पावले चालायला सांगावे. चवडे दोन्ही बाजूंनी उचलले जात नसतील तर नाव पुढे पाठवावे. गुडघेदुखी असलेल्या वयस्कर माणसांना टाचांवर चालणे तसेही जमत नाही, त्यांना खुर्चीवर बसवून टाच जमिनीवर टेकवून चवडा वर उचलायला लावावा. आशाताईंनी निदान करायचे नाही, आजाराचे नावही उच्चारायचे नाही, फक्त पुढे पाठवायचे. एरवी मोहिमेत ‘कुष्ठरोग नाही’ असा शेरा पडला की माणूस तिथेच सुटतो. पाऊल लटकलेले आणि कुष्ठरोग नसलेले, हीच आपली पहिली यादी.

मोहिमेची वेळ महत्त्वाची. ऊसतोड टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि एप्रिलपर्यंत परतत नाहीत. बीड, जालना, धाराशिव, परभणीच्या कित्येक गावांत त्या काळात म्हातारी माणसे आणि शाळकरी मुलेच उरतात. हिवाळ्यात पाहणी केली तर नेमके कमावत्या वयातले रुग्ण यादीबाहेर जातील. पेरणी आटोपल्यावर, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाहणी घ्यावी. भाजकही तिथलाच घ्यावा, म्हणजे आशांच्या कुटुंब-नोंदवहीतली लोकसंख्या. २०२७च्या जनगणनेचा संदर्भ दिवस १ मार्च आहे, तेव्हा टोळ्या फडावर असतात. त्या गावांचा रुग्ण-आकडा जनगणनेच्या आकड्याने भागला तर दर चुकेल.

दुसरा टप्पा प्राथमिक आरोग्य केंद्रात. वैद्यकीय अधिकाऱ्याने घोट्यामागच्या कंडऱ्यावर हातोडी मारून झटका पाहावा, १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क अंगठ्याच्या हाडावर ठेवून कंप जाणवतो का ते विचारावे, रक्तातली साखर आणि शक्य तिथे ब-१२ तपासावे, अंगभर चट्टे शोधावेत. मग तीन पिढ्यांची वंशावळ काढावी आणि त्यात ‘आईबापांचे नाते लग्नाआधी काय होते’ हा प्रश्न असावाच. एवढ्यावर बहुतांश मधुमेही आणि दारूचे रुग्ण बाजूला होतात.

तिसरा टप्पा एनसीव्ही, ज्याला लोक नसांची करंटची तपासणी म्हणतात. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर आणि अंबाजोगाई इथे जुनी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, अलीकडे हिंगोलीसह आणखी जिल्ह्यांत नवी झाली. हाताच्या मीडियन नसेतून संदेश किती वेगाने धावतो ते मोजायचे. निरोगी प्रौढात तो सेकंदाला ५० मीटरच्या आसपास किंवा अधिक असतो. ३८ मीटरपेक्षा कमी असेल तर बिघाड वेष्टणाचा मानतात, अधिक असेल आणि संदेशाची उंची घटली असेल तर आतल्या तंतूचा. १-ए प्रकारात वेग बहुधा २०च्या आसपास येतो आणि सगळ्या नसांत सारखाच मंद असतो. काही नसा मंद, काही बऱ्या आणि मध्येच अडथळे असे दिसले तर सीआयडीपीचा विचार करावा. इथे सर्वांत साधी चूक होते ती थंड हाताची. वातानुकूलित खोलीत किंवा थंडीच्या सकाळी हाताचे तापमान ३२ अंशांखाली गेले की दर अंशामागे वेग दीड-दोन मीटरने कमी दिसतो. हात कोमट पाण्यात धरून, पुसून, तापमान लिहून मगच तपासावे. अहवालावर तापमान नसेल तर सीमारेषेवरचा आकडा ग्राह्य धरू नये.

या तपासणीचा एक गुण मोजणीसाठी फार उपयोगी आहे. १-ए प्रकारात वेग लहानपणीच घटतो आणि पुढे जवळपास तेवढाच राहतो. त्यामुळे रुग्णाच्या लक्षणे नसलेल्या प्रौढ भावंडांत एका हाताच्या एका नसेची तपासणी करूनही आजार आहे की नाही हे बहुतेक वेळा कळते. घरामागे एकाऐवजी तीन-चार रुग्ण मोजले जातात ते यामुळेच.

जनुकचाचणीत पैसे वाया जाण्याचे ठिकाण ठरलेले आहे. वेग मंद असलेल्या रुग्णात आधी पीएमपी-२२च्या प्रती मोजणारी एमएलपीए चाचणी करावी. थेट एक्झोम (जवळपास सगळ्या जनुकांची अक्षरे वाचणारी चाचणी) किंवा पॅनल (ठरावीक जनुकांचा मोठा संच वाचणारी चाचणी) पाठवले तर तीन प्रती झालेला तुकडा त्यात निसटू शकतो, कारण अक्षरे सगळी बरोबर असतात, फक्त संख्या वाढलेली असते. अहवाल ‘निर्दोष’ येतो आणि घरच्यांना वाटते आजार आनुवंशिक नाही. एमएलपीएत काही न निघाल्यावर पॅनल. आईबाप निरोगी, नाते जवळचे आणि बिघाड तंतूचा असेल तर २०२० साली लक्षात आलेल्या एसओआरडी या जनुकाचा विचार जरूर करावा. त्याची हुबेहूब निकामी नक्कल शेजारीच असल्याने नेहमीचे पॅनल चुकते, पण रक्तातल्या सॉर्बिटॉलचे प्रमाण वाढलेले सापडते. जनुकचाचण्यांना ईडीटीए नळीत (रक्त गोठू न देणाऱ्या) दोन-तीन मिली रक्त पुरते, रुग्णाला मुंबई-पुण्याला नेण्याची गरज नसते.

इतके करूनही काही रुग्ण सुटतीलच. किती सुटले याचा अंदाज काढण्याची रीत आहे. दोन स्वतंत्र याद्या घ्यायच्या, एक घरोघरच्या पाहणीतली आणि दुसरी दिव्यांग प्रमाणपत्रांची किंवा रुग्णालयांची. उदाहरणादाखल पहिलीत ६० नावे, दुसरीत ४० आणि दोन्हींत असलेली १२ धरू. ६० गुणिले ४० भागिले १२, म्हणजे एकूण रुग्ण अंदाजे २००. प्रत्यक्ष दिसलेले ८८, न दिसलेले ११२. याद्या खरोखर स्वतंत्र असाव्यात, हीच यातली अट. आशाताईंनी प्रमाणपत्र पाहूनच नाव लिहिले तर सामायिक नावे फुगतात आणि एकूण आकडा खाली येतो.

ही दुसरी यादी आज मिळत नाही, आणि ती मिळवणे सर्वांत स्वस्त आहे. दिव्यांग प्रमाणपत्राच्या नमुन्यात निदानाची ओळ असते. तिथे ‘दोन्ही पायांत अशक्तपणा’ एवढेच लिहिले की टक्केवारी मिळते पण आजार हरवतो. जिल्हा शल्यचिकित्सकांनी एक सूचना काढावी : जिथे निदान झाले आहे तिथे आजाराचे नाव आणि जी ६०.० हा आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा क्रमांक लिहावा, जिथे झाले नाही तिथे ‘कारण तपासाधीन’ लिहून एनसीव्हीसाठी पाठवावे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि सीएमटीचा रुग्ण बहुधा चलनवलन प्रकारात बसतो, त्याचे हक्क यामुळे बदलत नाहीत. ४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असलेल्या रुग्णालाही नोंदीत घ्यावे, कारण त्याच्या घरी पुढचा रुग्ण असतो.

शाळकरी मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके वर्षातून एकदा शाळेत येतातच. टाचांवर दहा पावले चालवणे एका मुलामागे अर्ध्या मिनिटाचे काम आहे. हे आमच्या मते उद्याच सुरू करता येईल, त्याला पाहणीची वाट पाहू नये.

नावांच्या बाबतीत मात्र कुठलीही ढिलाई नको. ‘त्या घरात नसांचा रोग आहे’ एवढी कुजबुज मुलीची सोयरीक मोडायला पुरते. गावपातळीवरच्या वहीत फक्त क्रमांक असावा, नावाची चावी जिल्ह्याला एका अधिकाऱ्याकडे. वंशावळीचे प्रश्न घरात, दार लोटून विचारावेत, सासरच्यांपुढे सुनेला माहेरचे आजार विचारू नयेत. लक्षणे नसलेल्या अल्पवयीन मुलांची जनुकचाचणी करू नये, तो निर्णय त्यांनी मोठे झाल्यावर स्वतः घ्यायचा. निकाल सांगण्यासाठी समुपदेशक हवा, आशाताईंवर ते ओझे टाकू नये.

आकडा हाती आला की मागणी नेमकी करता येते. दोन्ही पावले लटकलेल्या रुग्णाला दोन एएफओ (घोटा आणि पाऊल धरणारे) स्प्लिंट लागतात, वाढत्या मुलाला ते बहुधा दरवर्षी नव्या मापाचे. पायाची संवेदना कमी असल्याने बोचलेले कळत नाही. म्हणून स्प्लिंट काढल्यावर त्वचा लाल दिसली आणि अर्ध्या तासात लाली गेली नाही तर तो कारागिराकडे परत न्यावा, नाहीतर जखम होते. टाचेचा कंडरा आखडू नये म्हणून रोज ताण द्यावा. तो आखडला की स्प्लिंट बसत नाही आणि मग शस्त्रक्रियेशिवाय मार्ग राहत नाही. ‘क’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने १-ए प्रकार सुधारेल अशी आशा होती, पण रुग्णांवरच्या मोठ्या चाचण्यांत फायदा दिसला नाही. त्यावर आणि ‘नसा मोकळ्या करणाऱ्या’ महागड्या पुड्यांवर पैसे घालू नयेत.

ज्या घरात वरची लक्षणे आहेत त्यांनी मोहिमेची वाट न पाहता जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मेडिसिन विभागात जावे. जुने सगळे कागद न्यावेत, पाय तसेच असलेले एखादे नातेवाईक सोबत न्यावे, त्यांचे पाय दाखवल्याने निदान निम्मे सोपे होते. आणि घरातल्या कोणाला, विशेषतः लहान मुलाला, रक्ताचा किंवा लसिकाग्रंथींचा कर्करोग झाला तर केमोथेरपीआधी डॉक्टरांना घरातल्या पायांच्या आजाराविषयी आठवणीने सांगावे. व्हिन्क्रिस्टीन हे त्या आजारांत नेहमी वापरले जाणारे औषध १-ए प्रकारात हातापायांची ताकद काही आठवड्यांत घालवू शकते, आणि तोपर्यंत त्या मुलात सीएमटी असल्याचे कोणाच्या लक्षातही आलेले नसते.

आपले,
मज्जाविकार, भौतिकोपचार आणि जनआरोग्य या क्षेत्रांत काम करणारे काही डॉक्टर व थेरपिस्ट,
अंबाजोगाई, जि. बीड